नानांची तांबडी आणि तोफेचे पाटे

आमच्या नानांची स्पोर्ट्स मोटार वळण घ्यायची, पण आमच्यानंतर थोड्या वेळानं.

म्हणजे असं, की आधी चाकं वळत, मग आत बसलेली माणसं एका अंगाला झुकत, आणि सगळ्यांचं आटोपलं की मोटारीचा उरलेला देह सावकाश वळणावर हजर होई.

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. वडिलांच्या मागे त्यांनीच मला सांभाळलं, खेडच्या शाळेत घातलं आणि पुढे पुण्याला पाठवून बी.एस्सी. केलं. आमच्या घराण्यातला मी पहिला पदवीधर. चाकणजवळच्या आमच्या गावात कांदा-बटाटा पिकवणाऱ्या या माणसानं जन्मात दोनच गोष्टी हौसेनं केल्या. एक माझं शिक्षण आणि दुसरी ही मोटार! देहूरोडचा एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना ती नानांच्या गळ्यात मारून गेला होता. दोघांपुरती, बिनटपाची, लालभडक. मागचं झाकण पेटीसारखं उघडलं की आणखी एका माणसापुरती बैठक निघे. ती माझी. गाव तिला 'तांबडी' म्हणे. धोतर, पटका आणि डोळ्यांवर काळा चष्मा अशा थाटात नाना तिच्यात बसले, की वाटेवरचे बैल दावी तोडत.

तोवर सगळं ठीक होतं. खरी पंचाईत झाली ती कमळच्या लग्नाच्या वेळी.

कमळ ही नानांची मुलगी. तिला लोणावळ्याचं स्थळ आलं होतं. मुलाचे वडील आबासाहेब, निवृत्त पोस्टमास्तर, कमरेनं हळवे आणि तपकिरीचे शौकीन. मुलामुलीची पसंती झाली होती, आता बैठक तेवढी व्हायची होती. आबासाहेबांना चिंचवड स्टेशनावरून आणायला नाना स्वतः तांबडी घेऊन गेले. मागच्या पेटीत मी.

मोशी ओलांडून रस्ता नदीच्या पुलाकडे उतरतो, तिथे एक वळण आहे. नेमकी तिथेच आबासाहेबांनी तपकिरीची डबी उघडली. तांबडी होडीसारखी कलली. तपकीर नानांच्या नाकात गेली, आबासाहेब नानांच्या मांडीवर गेले आणि नानांच्या पहिल्याच शिंकेसरशी मोटार जोंधळ्याच्या शेतात गेली!

"आबासाहेब, लागलं तर न्हाई?" नानांनी शिंकत शिंकत विचारलं.

"ते मागाहून बघू. आधी मला तुमच्या मांडीवरून उतरू द्या!"

उतरल्यावर त्यांनी टोपी झटकली, रिकामी डबी खिशात टाकली आणि शेतकऱ्याच्या बैलगाडीत बसून स्टेशनाकडे परत निघाले. जाताना म्हणाले, "मुलगी चांगली आहे, नानासाहेब. पण ज्या घरची माणसं अशी येतात-जातात, त्या घरी लेकाला जावई म्हणून पाठवावं का, याचा मला विचार करावा लागेल. पुढच्या आठवड्यात येऊन काय ते सांगतो. आणि माझा मी येईन. बैलगाडीनं!"

घरी काकींनी कपाळावर हात मारला. "पोरीचं लगीन मोडतंय त्या अवदसेपायी! इकून टाका ती!"

"इकायची कशाला?" नाना म्हणाले. "आपल्या घरात बीएस्सी हाय की!"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. (बी.एस्सी.ला आम्हाला लंबक होता, भिंगं होती. मोटारीचं बॉनेट मी उघडलेलंही नव्हतं.) पण ज्या माणसानं मला शिकवलं, त्याला 'हे मला येत नाही' असं कोणत्या तोंडानं सांगणार? शिवाय संध्याकाळी कमळनं मला गोठ्यापाशी गाठलं.

"दादा, मला तो मुलगा पसंत आहे. तुझं शास्त्र काय असेल ते लाव, पण मामंजींना त्या वळणावरून सरळ ने."

अजून सुपारी फुटली नव्हती आणि ही त्यांना मामंजी म्हणत होती! म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात मी नुकताच नोकरीला लागलो होतो. तिथल्या वाचनालयातून मोटारींवरचा इंग्रजी ग्रंथ आणला आणि शब्दकोश शेजारी ठेवून वाचून काढला. सार एवढंच निघालं: मोटार कलते कारण स्प्रिंगा मऊ पडल्यात. कडक स्प्रिंगा घालाव्यात, झटके जिरवणारे शॉकॲब्सॉर्बर बदलावेत आणि मोटारीचं वजन होईल तेवढं कमी करावं. किती कडक, तेही एका तक्त्यात दिलं होतं. ते पान मी 'पुढे बघू' म्हणून उलटलं.

कारण असं, की आमच्या घरात कोणतीही वस्तू घेताना एकच गोष्ट पाहतात. ती जाड आहे का! घोंगडी जाड, वहाणा जाड, तवा जाड. पातळ वस्तू घेऊन येणारा माणूस फसला, असं आमच्याकडे समजतात. देहूरोडला लष्करानं मोडीत काढलेल्या सामानाचा बाजार भरे, तिथे नाना आणि मी गेलो, तेव्हा एकावर एक पोलादी पट्ट्या रचलेल्या स्प्रिंगांचा, म्हणजे पाट्यांचा, ढीगच पडला होता.

"कोणत्या गाडीला पाहिजेत?" दुकानदारानं विचारलं.

"स्पोर्ट्स मोटारीला," मी ऐटीत म्हणालो.

त्यानं बोटाएवढ्या पाट्यांची जोडी पुढे केली. नानांनी ती अंगठ्यानं दाबून पाहिली आणि माझ्याकडे पाहिलं. मीही दाबून पाहिली आणि मान हलवली.

"ह्याच्याहून जाड न्हाईत व्हय?"

"आहेत की! तोफ ओढणाऱ्या लॉरीचे आहेत. तुमची नातवंडं म्हातारी होतील, पण हे पाटे वाकणार नाहीत."

"हेच!" चुलते-पुतणे एका सुरात म्हणाले.

दोन दिवस अंगणात ठोकाठोक चालली. गावच्या लोहारानं भोकं मोठी करून दिली, पाटे तोडून लांबीला बसवले. शॉकॲब्सॉर्बरही लॉरीचेच. शिवाय ग्रंथाला स्मरून मी मोटारीचं वजन उतरवलं: जादा चाक काढलं, हत्यारांची पेटी काढली, माझ्या बैठकीची गादीसुद्धा काढली! आणि जुन्या स्प्रिंगा? त्यांचं पोलाद चांगलं म्हणून काकींनी तेवढ्यात लोहाराकडून त्यांची खुरपी करून घेतली. परतीचा रस्ता बंद.

नाना चाचणीला एकटेच निघाले. वेशीबाहेरच्या वळणावरून धुरळा उडाला आणि थोड्या वेळानं नाना परत आले. पटका गळ्यात होता, चष्मा एका कानाला.

"नाना, वळणावर कलली का?"

"काय की रं. वळणावर मी गाडीत नव्हतो."

"म्हणजे?"

"वर होतो!"

मी स्वतः नानांबरोबर बसून पाहिलं. तांबडी आता खरंच कलत नव्हती. ती काहीच करत नव्हती! दगडावर चाक गेलं की दगड थेट मणक्यात येई. वाटेत सुपारीएवढा खडा असला तरी आम्हा दोघांना तो वेगवेगळा कळे. आणि दुसऱ्याच दिवशी आबासाहेब यायचे होते.

ते आले. भाड्याच्या बैलगाडीनं, कंबर धरून. जेवण उत्तम झालं, पण लग्नाचं विचारलं की "बघू" म्हणत. निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी गाडीवानाला हाक मारली. गाडीवान कुठे होता? नानांनी त्याला पोटभर जेवू घालून केव्हाच वाटेला लावला होता!

"आता वो?" नाना निरागसपणे म्हणाले. "तुमची रेल्वे तर चुकंल. आमची तांबडी हाय की! नवीन पाटे घातल्यात. पुतन्यानं."

आबासाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. दाराआडून कमळ आमच्या तिघांकडे पाहत होती.

एवढ्यात काकी वानवळा घेऊन आल्या. आमच्याकडे नव्या मालातलं काढून पाहुण्याला दिल्याशिवाय त्याला उंबरा ओलांडू देत नाहीत. साधा पाहुणा असेल तर टोपलीभर. हे तर होऊ घातलेले व्याही! दोन पोती कांदे, दोन पोती बटाटे, शेंगांचं एक छोटं पोतं, गुळाची ढेप आणि वर एक भोपळा.

मी आडवा झालो. "काकी, नको! मी वजन कमी केलंय गाडीचं! ग्रंथात स्पष्ट म्हटलंय की..."

"तुझ्या ग्रंथाला लेकी न्हाईत. याह्याला रिकाम्या हातानं लावू व्हय? हो बाजूला!"

पोती मागच्या पेटीत गेली, उरलेली दोरखंडानं मागे बांधली. सगळ्यांत वर मी, मांडीवर भोपळा. मी मनात कमळची क्षमा मागितली आणि डोळे मिटले.

तांबडी निघाली. पहिला खड्डा आला... आणि गेला. दुसरा आला, तोही गेला. मी एक डोळा उघडला. मोटार पाळण्यासारखी चालली होती! तोफेचे पाटे हलके हलके लवत होते आणि पुन्हा वर येत होते. नाना हळूच म्हणाले, "आरं, ही तर लोणी झाली!"

मोशीजवळ तेच वळण आलं. नानांनी श्वास रोखला. आबासाहेबांनी एका हातानं दार घट्ट धरलं होतं. तांबडी आत शिरली आणि रुळावरून निघाल्यासारखी, तसूभरही न कलता, बाहेर आली!

आबासाहेबांनी हात सोडला. मागे वळून वळणाकडे पाहिलं.

"नानासाहेब, जरा मागं घ्या."

"का वो? काय पडलं का?"

"मागं घ्या हो!"

नानांनी गाडी फिरवून मागे नेली. आबासाहेबांनी तपकिरीची नवी डबी काढली, झाकण उघडून तळहातावर ठेवली आणि म्हणाले, "हं. चला."

पुन्हा तेच वळण. पोस्टमास्तर डबीकडे पाहत होते, नाना रस्त्याकडे आणि मी देवाकडे. वळण संपलं. तपकीर जागच्या जागी होती! आबासाहेबांनी शांतपणे एक चिमूट नाकात घातली, एक नानांना दिली आणि म्हणाले, "सुपारी कधी फोडायची?"

नाना शिंकले, पण या खेपेला आनंदानं!

स्टेशनावर आबासाहेबांनी माझी पाठ थोपटली. "शिक्षण म्हणतात ते हे! कसं काय जमवलंत?"

"ग्रंथात होतं," मी म्हणालो. नानांची छाती इतकी फुगली की बंडीचा बंद तुटला.

मग वानवळा रेल्वेत चढला, पाहुणे गेले आणि आम्ही दोघं रिकाम्या तांबडीतून विजयी वीरांसारखे परत निघालो. पहिल्याच खड्ड्याला नानांचा पटका रस्त्यावर गेला. दुसऱ्याला मी.

"आरं, जाताना तर लोणी व्हती! आता काय झालं हिला?"

उत्तर मला त्याच वळणावर सापडलं, तेव्हा मी बैठकीच्या हातभर वर होतो. तोफेच्या पाट्यांना तोफच लागते! नाहीतर निदान कांदे. मोठा शोध लागतानाची माणसाची अवस्था कशी असते, हे मी स्वानुभवानं सांगू शकतो. त्याचे दात वाजत असतात.

त्या दिवसापासून नानांची तांबडी हा आमच्या भागातला एकमेव असा स्पोर्ट्स मोटारीचा नमुना झाला, जो पोती भरल्याशिवाय हलत नसे. नाना तिच्यातून दिमाखात कांदा बाजारात नेत, येताना नदीतले गोटे भरून आणत, आणि वळणांवर ती मुद्दाम जोरात घालत.

कमळचं लग्न थाटात झालं. वरातीला नवरानवरी तांबडीतूनच निघणार होती. आबासाहेब डबी उघडून वाटच पाहत होते. पण आयत्या वेळी लक्षात आलं, की कांद्याला भाव चढल्यामुळे नानांनी आदल्या दिवशीच सगळी पोती विकून टाकली होती, आणि मांडवाच्या दारात दगडगोटे भरणं काकींना अशुभ वाटत होतं.

नानांनी क्षणभर विचार केला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असे गरजले, "बीएस्सी कुठं गेला?"

अशा रीतीनं वरात निघाली. पुढे नानांच्या शेजारी दाटीवाटीनं नवरानवरी, आणि मागच्या पेटीत एका पोत्याच्या जागी माझ्या बी.एस्सी.च्या पुस्तकांची ट्रंक, तर दुसऱ्याच्या जागी मी. तांबडी वळणावर तसूभरही कलली नाही. नाना येईल त्याला अभिमानानं सांगत होते, की पोराला शिकवल्याचं आज सार्थक झालं. आणि खरंच, माझ्या शिक्षणाचा एवढा थेट उपयोग पुढे कोणत्याही कारखान्याला करून घेता आला नाही.