सब ठीक है, साहब

गाझियाबादेत शेतं बुजवून टॉवर उभे राहू लागले, त्या वर्षांत हणमंत ढोबळेला कामाची ददात नव्हती. वायरिंगमध्ये त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. माणूस मात्र अबोल. कसा आहेस विचारलं, की उत्तर ठरलेलं, "सब ठीक है." अंगात ताप फणफणत असला तरी सब ठीक. बायको सुनीती वैतागून म्हणायची, "अहो, उद्या सरणावर ठेवलं तरी हेच म्हणाल!"

हणमंतचा बाप साताऱ्याकडून फरीदाबादच्या कारखान्यात आला आणि तिथंच मेला. आई आधीच गेलेली. शेजाऱ्यांनी पोराला एका बालगृहात पोचवलं. तिथं सगळा तोंड दाबून बुक्क्यांचा मार. वॉर्डनच्या थपडांनी हणमंतचा डावा कान गेला. तपासणीला कुणी आलं, की मुलांनी उठायचं, हात मागे बांधायचे आणि एका सुरात म्हणायचं, "सब ठीक है, साहब." जो कचरला, त्याचं पाहुणे गेल्यावर काही खरं नसे.

पुढे बालगृह बंद पडलं. तिथल्या मुलांना भरपाई द्या, असं कोर्टानं सांगितलं आणि दिल्लीत त्यासाठी एक ऑफिस उघडलं. हणमंतला कानाचं ऑपरेशन करून घ्यायचं होतं, म्हणून त्यानं अर्ज केला. पण सरकारी काम अन् सहा महिने थांब! दर खेपेला साहेब बदललेला, आणि नवा म्हणणार, "शुरू से बताइए." हणमंत पुन्हा सगळं सांगायचा आणि घरी आल्यावर त्याला घास जायचा नाही. खपली काढून दाखवल्याशिवाय जखम खरी मानायची नाही, हा कुठल्या शहाण्याचा कायदा, देव जाणे.

शेवटचा साहेब तर स्वभावानं चांगला होता. त्यानं चहा मागवला, आपुलकीनं विचारलं, "अब कैसे हैं आप?" हणमंत ताडकन उठला, हात मागे गेले आणि तोंडातून बाहेर पडलं, "सब ठीक है, साहब." साहेबानं तेच लिहून घेतलं. अर्जदार स्वतःच ठीक आहे म्हणतो, मग भरपाई कसली? अर्ज फेटाळला.

सुनीतीनं अपील करायला लावलं. "या वेळी जीभ चावा, पण ते बोलू नका," तिनं बजावलं. बसमध्ये हणमंत सबंध रस्ताभर मनात घोकत होता, कान गेलाय, कान गेलाय.

नव्या अधिकारी वृंदा खांबेटे. आडनाव वाचून त्या मराठीतच म्हणाल्या, "या ढोबळे, बसा. बरे आहात ना?"

आपल्याकडे सगळेच असं विचारतात. हणमंत ताडकन उठला. "सब ठीक है, मॅडम."

मग त्यानं डोळे मिटले. संपलं सगळं. स्वतःच्या जिभेचा त्याला इतका संताप कधीच आला नव्हता.

बाई काही लिहीनात. त्याच्या मागे बांधलेल्या हातांकडे बघत त्याही खुर्चीतून उठल्या. "असं उभं राहायला कुणी शिकवलं तुम्हाला?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं. हणमंतनं तपासणीचे दिवस सांगितले, तो सूर सांगितला. अडखळत, उभ्याउभ्याच. बाईही उभ्याच राहिल्या.

"बाकीचं सगळं फाईलमध्ये आहे, मी वाचलंय," त्या म्हणाल्या. "ते पुन्हा कुणापुढे सांगायचं नाही, तसं लिहितेय मी. तुमची भरपाई मंजूर करतेय. पैसे यायला वेळ लागेल हं, उगाच खोटं कशाला सांगू?"

परतताना आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. पण अंगातलं बळच गेल्यासारखं झालं होतं. सुनीती दारातच उभी होती.

"मंजूर झालं," तो म्हणाला.

"आणि तुम्ही? तुम्ही ठीक आहात ना?"

हणमंत चौकटीला टेकला. "नाही गं. दमलोय. लहानपणापासून दमलोय."

एवढ्या वर्षांच्या संसारात सुनीती हे पहिल्यांदाच ऐकत होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं गादी घातली, पडदा ओढला.

"पडा जरा," ती म्हणाली. "कुणी आलंच तर सांगते, ह्यांना बरं नाही."