सवतीचं कातडं

पट्टी सोडली आणि कातडं पट्टीबरोबरच सुटून आलं. खाली जखम तशीच लाल आणि ओली.

"निघालं का, सिस्टरबाई?" मुक्ताबाईनं विचारलं. ती पालथी झोपलेली होती. पाठ भाजल्यामुळे तिला उताणं होताच येत नव्हतं. माझा चेहरा तिला दिसत नव्हता, आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही हे तर आम्हाला ट्रेनिंगमध्येच घोटवलेलं. पण माझे हात थांबले, तेवढ्यावरून तिला कळलं.

"गप पडून राहा. बोललं की दम लागतो," मी म्हटलं. दुसरं काही सुचलंच नाही.

ही गोष्ट परभणीची, निजामाचं राज्य जाऊन थोडी वर्षं झाली होती तेव्हाची. मी दवाखान्यात स्टाफ नर्स होते. मुक्ताबाई बोरीकडची, धनगराच्या घरातली. मेंढरांच्या वाड्याला आग लागली आणि ही कोकरं काढायला आत शिरली. कोकरं वाचली. हिची पाठ आणि दोन्ही दंड भाजून निघाले. एवढी मोठी जखम उघडी राहिली की अंगातलं पाणी झिरपतं, जखम पिकते आणि माणूस हातचं जातं. त्यावर इलाज ग्राफ्टिंगचा. म्हणजे चांगल्या जागेचं पातळ कातडं सोलून जखमेवर लावायचं. शक्यतो पेशंटचंच लावतात, पण मुक्ताबाईच्या अंगात आणखी एक जखम सोसायचं बळ नव्हतं.

आमचे सर्जन हैदराबादचे. त्यांनी घरच्यांना आडपडदा न ठेवता सांगितलं होतं. दुसऱ्याचं कातडं कायमचं टिकत नाही, शरीर ते परकं म्हणून टाकून देतं. पण तोवर जखम झाकलेली राहते, तेवढ्यात बाई सावरली तर सावरली. तर कोण देतंय? नवरा धोंडिबा खाली बघायला लागला. पुढं आली ती सखू, त्याची दुसरी बायको. मुक्ताबाईला मूल नाही म्हणून करून आणलेली. "माझं घ्या," म्हणाली आणि विषय संपवला. मी थक्क झाले. सख्ख्या भावांना बाटलीभर रक्त द्यायला मागं सरताना मी पाहिलं होतं, आणि ही सवत मांडी पुढं करून मोकळी!

सासूला हे पहिल्यापासून पटलं नव्हतं. "सवतीचं कातडं सवतीला धरत नसतंय," हा तिचा घोषा. सुरुवातीला ग्राफ्ट छान गुलाबी दिसायला लागला तेव्हा म्हातारी गप्प होती. आता तिच्या हाती आयतंच कोलीत मिळालं.

पण खरं नडलं ते वेगळंच. व्हरांड्यात सखू भिंतीला टेकून बसली होती, मांडीला पट्टी. मी जवळ गेले तशी हळूच म्हणाली, "बाई, म्हातारी खोटं न्हाई बोलायली. नवी नवी आलते तवा माझ्या मनात आलतं, ही मेली तर बरं हुईल. तीच खोट कातड्यात उतरली."

मुक्ताबाई जगणार नाही हे मला दिसत होतं. पण ही धडधाकट पोर हा दगड जन्मभर उरावर घेऊन फिरणार होती. मी तिला परोपरीनं समजावलं. "तुमी माझं मन राखायलात," एवढंच ती म्हणाली. शेवटी मी सर्जनना बोलावून आणलं. ते बिचारे म्हातारीपुढे उकिडवे बसले. "अम्मा, सगी माँ का चमडा होता तो वो भी गिरता." म्हातारीनं मान डोलावली आणि डॉक्टरांची पाठ वळताच पुन्हा सुरू झाली. पालथ्या घड्यावर पाणी!

दुसऱ्या दिवशी तर तिनं कहर केला. मुक्ताबाईच्या खाटेशी उभी राहून धोंडिबाला म्हणाली, सोनाराकडं जाऊन ये, टाक लागंल. पहिली बायको मेली की तिच्या नावाचा चांदीचा टाक दुसरीच्या गळ्यात घालतात, मेलेलीनं सवतीला छळू नये म्हणून. पण जिती बाई ऐकत असताना? माझं डोकंच फिरलं. मी म्हातारीचा दंड धरला.

"ऱ्हाऊ द्या, बाई," मुक्ताबाई उशीत तोंड ठेवूनच म्हणाली. "सखूलाबी आत बोलवा."

सखू लंगडत आली. मुक्ताबाई थांबत थांबत बोलली, पण शब्द न् शब्द ऐकू आला.

"माझ्या नावानं टाक करू नगा. सखूच्या मांडीवर माझी खूण हाय, जल्माची. त्योच माझा टाक. कातडं निघालं ते माझं अंग सरलंय म्हून. तिच्यात खोट न्हाई. मी मेल्यावर तिला धरायची न्हाई." मग जरा दम घेऊन म्हणाली, "पर तिला कुणी नाव ठिवलं, तर त्याला सोडायची न्हाई."

म्हातारीचा चेहरा पांढराफटक पडला. सखू खाली बसली आणि खाटेच्या माच्याला कपाळ टेकून रडली. मला हसूही आलं आणि रडूही. वॉर्डात रडायचं नाही असा मेट्रनचा दंडक होता. तो मी मोडला.

मुक्ताबाई त्याच आठवड्यात गेली. तिची ओटी सखूनं भरली. सासूनं स्वतःच्या हातानं खण पुढं केला आणि त्यानंतर तोंडातून ब्र काढला नाही. सर्जनचं शास्त्र त्या घरात चाललं नव्हतं, मुक्ताबाईची धमकी चालली.

पुढं शिकाऊ नर्सेस माझ्या हाताखाली आल्या. त्यांना मी एक गोष्ट बजावत आले. मरणाऱ्या माणसाला गप पडून राहा म्हणू नका. त्याचं एखादं काम राहिलेलं असतं, आणि ते दुसऱ्या कुणाला जमत नाही.