सोयाबीनची पेंड आणि मावशीचं काम

आई गेल्यावर मला मावशीनं वाढवलं. वाड्याला जाणाऱ्या रस्त्यावर माशांचं खाद्य बनवणारा एक कारखाना आहे. तिथं ती सुकी मासळी निवडायची. मासळी दळायला जाण्याआधी तिच्यातली वाळू, शिंपले, जाळ्यांचे तुकडे काढायचे. बायका पत्र्याच्या शेडमध्ये गोणपाट पसरून दिवसभर हेच करायच्या. त्या पगारावर मी मत्स्यशास्त्र शिकले आणि त्याच कारखान्यात लागले. ती खाली शेडमध्ये, मी वर प्रयोगशाळेत.

माझं पहिलं मोठं काम होतं खाद्यातली मासळी काढून तिच्या जागी सोयाबीनची पेंड घालायचं. मासळी महागली होती. शिवाय तळ्यातले मासे पोसायला समुद्रातली बारीक मासळी ओरबाडायची, हे मलाही पटत नव्हतं. अंबाडीजवळच्या तळ्यात तिलापिया माशांना नवं खाद्य लावून पाहिलं. मासे दाणा तोंडात घ्यायचे आणि थुंकायचे. मग पेंड नीट भाजली, तिच्यात जे कमी पडतं ते वरून घातलं, वासापुरतं थोडं माशाचं तेल लावलं. एका सकाळी दाणे पडले आणि पाणी खळबळलं. मी तिथूनच मावशीला फोन केला.

"खातात?"

"तुटून पडतात!"

"मंग! माझी पोर हाय ती."

त्या दुपारी तिनं शेडमधल्या सगळ्या बायकांना भजी खिलवली.

घरी आल्यावर मी तिला समोर बसवलं. "मावशी, आता निवडायला मासळी येणार न्हाय."

"भजी घेताना कळला व्हता मला," ती म्हणाली आणि पोळपाट पुढं ओढला.

बायकांना पॅकिंगमध्ये घ्या, म्हणून मी मॅनेजरच्या मागे लागले. त्यानं दोन तरुण पोरी घेतल्या. बाकीच्यांना गोणी उचलवणार नाही म्हणाला. मावशी मानकोलीच्या एका गोडाऊनला स्टिकर लावायला जाऊ लागली. तिथं अख्खी शिफ्ट उभं राहायचं. पाय सुजले तेव्हा मीच ते बंद करायला लावलं. त्याच सुमारास माझा पगार वाढला. शेडमधली एक बाई मला बसमध्ये भेटली. तिनं सरकून जागा दिली, मावशीची तब्येत विचारली. ती भांडली असती तर बरं वाटलं असतं.

मध्यंतरी कारखान्यानं नवं खाद्य खपवायला वज्रेश्वरीला मासे पाळणाऱ्या तळेवाल्यांची बैठक घेतली. मावशी हट्टानं आली, मागे बसली. समुद्रातली मासळी कशी वाचते, ते मी रंगवून सांगितलं. परतताना ती म्हणाली, "सगळा बरोबर बोललीस. बायकांचा न्हाय बोललीस."

"तिथं ते काय बोलायचं?" मी चिडून म्हणाले. घर येईपर्यंत मला तिच्याकडे बघवलं नाही.

पुढच्या बैठकीत नव्या खाद्याची गोणी शेजारी ठेवून मी बोलले. मासळी निवडणाऱ्या बायका होत्या, त्यांचं काम या पेंडीनं गेलं, त्यातली एक माझी मावशी, हे सगळं सांगितलं. मॅनेजर मोबाईलमध्ये बघत होता. लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग पुढच्या रांगेतल्या एकानं हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, ही गोणी उधार मिळेल का?"