मथुरा आत्याचे हात

“करून दाखव,” प्रश्न विचारणारे प्राध्यापक म्हणाले. “तू तर त्याच किनाऱ्यावरची. तुला छान जमेल.”

सभागृह हसलं. पहिल्या रांगेत हार घालून बसलेले लेखकही हसले. मी व्यासपीठावर उभी होते. हात अंगाशी घट्ट धरले होते.

पालघरच्या एका वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम होता. साठच्या दशकातली गोष्ट. स्पर्धेचं नाव होतं ‘लेखकांच्या गमतीजमती’. कोणाला शाईचा वास घेतल्याशिवाय सुचत नसे, कोण लग्नाच्या मांडवातून उठून ओळ लिहायला पळालं, कोणी अख्खी कादंबरी टांग्यात विसरली. असले प्रश्न. मी अकरावीत होते, वसतिगृहात राहत होते आणि हाताला लागेल ते पुस्तक वाचत होते. असल्या गमती मला तोंडपाठ होत्या. आवडायच्याही. लेखक म्हणजे आपल्यातलाच कुणी तरी विसराळू, हट्टी माणूस, असं वाटून बरं वाटायचं.

शेवटचा प्रश्न पाहुण्यांच्या मानाचा होता. “पाहुण्यांच्या गाजलेल्या कादंबरीतली वेडी कोळीण त्यांना घिवलीच्या किनाऱ्यावर खरोखर दिसली होती. समुद्रात बुडालेल्या नवऱ्याला ती रोज संध्याकाळी कशी बोलवायची?” नुसतं सांगितलं तर अर्धे गुण. करून दाखवलं तर पूर्ण.

कादंबरीचं नाव मी इथे घेणार नाही. लेखकाचंही नाही. त्यांनी तरी माझ्या आत्याचं कुठे घेतलं होतं?

तिचं नाव मथुरा. माझ्या बापाची थोरली बहीण. तिचा नवरा समुद्रात बुडालाच नव्हता. दुसरी बायको करून तो सातपाटीला मजेत राहत होता. आत्या आमच्याकडे राहायची, बांबूच्या वलांडीवर बोंबील सुकत घालायची आणि होड्या परतायच्या वेळेला खडपावर, किनाऱ्यावरच्या उंच कातळावर, जाऊन उभी राहायची. आमच्या किनाऱ्याला पाण्याखाली खडक आहेत. भरती अर्धी चढली की ते झाकतात. होडीतून दिसत नाहीत, पण उंच खडपावरून पाण्याचा रंग ओळखता येतो. आत्याची नजर त्यात तयार होती. ती फडकं घेऊन खुणा करायची. एक हात बाजूला म्हणजे तिकडे वळा. दोन्ही हात वर स्थिर म्हणजे थांबा. दोन्ही हात डोक्यावरून पुढे म्हणजे सरळ या, पाणी मोकळं आहे. वारा असला की ओरडायची, “अरे धाकल्या, थांब रे!” धाकला म्हणजे माझा बाप.

हवापालटाला आलेल्या लेखकांनी हे लांबून पाहिलं. कुणाला काही विचारलं नाही. घरी जाऊन कादंबरी लिहिली.

ती गाजली. मग आमच्याकडे माणसं येऊ लागली. बोईसरला उतरून, मिळेल त्या गाडीनं. डबे घेऊन, कॅमेरे घेऊन. “ती वेडी कुठे असते हो?” आत्या खडपावर उभी राहिली की खाली गर्दी. तिनं हात वर केले की टाळ्या. होडी आत आली आणि तिनं फडकं कमरेला खोचलं की म्हणायचे, “बाई, परत एकदा करा ना!” आत्या आधी शिव्या द्यायची. त्याचंही त्यांना कौतुक. पुढे ती गप्प झाली.

एका संध्याकाळी ती घरातच बसली.

“मी येडी हाय का गो?” तिनं मला विचारलं.

“नाय, आते.”

“मंग लोक कनाला बगाया येतात? मी नाय जानार खडपावर.”

ती गेली नाही. दुसरीही कुणी गेली नाही. दुसरीला तरी वेडी कशाला म्हणवून घ्यायचं होतं? त्या दिवशी वाऱ्याचा जोर होता आणि उजेड लवकर गेला. बापाची होडी खडकावर फुटली. बाकीचे पोहून आले. बाप सकाळी सापडला, वलांडीच्या जरा पुढे, वाळूत.

तेव्हापासून आत्या भिंतीकडे तोंड करून बसायची. हात मांडीखाली दाबून. झोपेत मात्र ते निसटायचे आणि वर यायचे. अंधारात ते हात मी पाहिलेत. थांब, थांब, असं सांगणारे. वसतिगृहातही डोळे मिटले की ते मला दिसत, आणि मी उठून बसत असे.

म्हणून मी त्या स्पर्धेत गेले होते. लेखक येणार हे कळलं तेव्हा नाव दिलं. मला बक्षिसाची कपबशी नको होती की ढाल नको होती. ज्या माणसाला इतकं सुंदर लिहिता येतं, त्याला खरं सांगितलं की कळेल, असं मला वाटत होतं. तो चारचौघांत म्हणेल, माझी चूक झाली, ती बाई शहाणी होती. ते मी आत्याला सांगेन. आत्या उठेल. एवढीच आशा होती. पुस्तकं वाचून माणूस किती भोळा होतो बघा.

“हं, वेळ जातोय,” प्राध्यापक म्हणाले. “लाजू नकोस. कर.”

माझ्या शाळेचे सर खालून हातानं खुणावत होते. कर, कर. हात वर केले असते तर आम्ही जिंकलो असतो.

“नाही करणार,” मी म्हणाले. “ती वेडी नव्हती. ती होड्यांना वाट दाखवत होती. तिचं नाव मथुरा. ती माझी आत्या.”

सभागृहात कुजबुज झाली. मी लेखकांकडे पाहिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला. आवाज अगदी गोड होता.

“असेलही, पोरी. पण वाट दाखवणाऱ्या बाईची कादंबरी कोण वाचेल? गंमत वेडात असते.”

पुन्हा हशा. टाळ्यासुद्धा.

“त्या गमतीत माझा बाप मेला,” मी म्हणाले.

प्राध्यापकांनी घंटी वाजवली. “वेळ संपला. उत्तर चूक.”

प्रश्न दुसऱ्या शाळेकडे गेला. त्यांचा उंच, गोरा मुलगा पुढे आला. डोळे फिरवले, जीभ बाहेर काढली आणि दोन्ही हात डोक्यावरून पुढे फेकले. एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा. लोक हसून लोळायचे बाकी होते. मला ते दिसेनात. मला सुकाणूवर बसलेला माझा बाप दिसत होता. सरळ या, पाणी मोकळं आहे, असं तो मुलगा त्याला सांगत होता आणि बाप त्याचं ऐकत होता.

पूर्ण गुण त्या मुलाला मिळाले. लेखकांनी त्याची पाठ थोपटली. मी व्यासपीठावरून उतरले ती थेट बाहेर पडले. रडले नाही. राग इतका होता की रडायला जागाच नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. आत्यासमोर बसले. तिचे हात मांडीखालून ओढून काढले. थंडगार होते.

“आते, मला पानी बगायला शिकव.”

“तुलाबी येडी म्हनतील.”

“म्हनू दे.”

तिनं भिंतीवरच्या खुंटीचं फडकं काढून माझ्या मांडीवर टाकलं. स्वतः आली नाही. दारात बसून सांगायची. काळं पाणी कुठलं, हिरवट कुठलं, फेस फुटतो तिथे काय असतं. मी खडपावर जायचे, बघून यायचे, तिला सांगायचे. चुकले की रागवायची. ती रागावली की मला बरं वाटायचं.

मग एका संध्याकाळी मी एकटी खडपावर उभी राहिले. होड्या दिसायला लागल्या. खाली सहलीला आलेली माणसं होती, डबे उघडून बसलेली. त्यांतल्या एकानं बोट दाखवलं.

“अरे, हीच ती कादंबरीतली! ए, करून दाखव ना!”

मी मान वळवली नाही. भरती अर्धी चढली होती. पुढच्या होडीसमोर पाणी काळं दिसत होतं, म्हणजे खाली खडक. मी दोन्ही हात वर केले. थांबा.

ती कादंबरी अजून छापतात. ती गंमत अजून सांगतात. सांगा. हसा. होडी आत येईपर्यंत माझे हात खाली येणार नाहीत.