नवसाचा कोंबडा

आईने देवीला बोललेला कोंबडा मी देवीला दिला नाही. एवढं एक वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झालेली. कोपर गावी आमच्या खुराड्यात मानमोडी शिरली. सकाळी दाणे टिपणारी कोंबडी संध्याकाळी मान वाकडी करून पडायची. आईने घाबरून माहेरच्या देवीला नवस केला, "एक तरी जगू दे, तुला कोंबडा देईन." जगला एकच, बोडक्या मानेचा तांबडा. म्हणजे द्यायचा तोच.

आईचे गुडघे धरलेले, म्हणून तिने मला धाडलं. वाटभर मनात एकच, दाणे तेच, पाणी तेच, मग हाच कसा उभा राहिला? रंग, तुरा बापाकडून येतो, तशी रोगाला तोंड द्यायची ताकदही पिल्लांत उतरत असेल तर? देऊळ आंबिवलीच्या पलीकडे. आंबिवलीला बहिणीच्या घरी मी तो सोडला आणि तिचा दुसरा तांबडा कोंबडा देवीपुढे नेला.

"दादा, आयेला कळलं तर तुझ्याआधी माझी मान मुरगाळील ती!"

त्या पावसाळ्यात आई तापाने अंथरुणाला खिळली. देवीचा कोप तर नव्हे, या धास्तीने ती उठेपर्यंत मी तिच्याकडे धड बघूही शकत नव्हतो.

पुढच्या वर्षी मानमोडी आंबिवलीला पोचली. बहिणीच्या जुन्या कोंबड्या पटापट गेल्या. मी सोडलेल्या तांबड्याची पिल्लंही गेली, पण बरीच वाचली. त्यातली काही डालग्यात घालून तिने आईला आणून दिली. आई हरखली, "घेतलं तसं दिलंन् गं देवीनं!"

ती वाढली, तोवर शेजारच्या आळीत पुन्हा मर लागली. आईने त्यांतला सगळ्यात दणकट कोंबडा उचलला. "हा बोलते देवीला." तेव्हा मात्र मी सगळं सांगून टाकलं.

कोंबडा काखेत धरून ती उंबऱ्यावर बसली.

"माझ्या नावानं फसवलंस तिला?"

"हो."

"आणि हा त्याचा पोर?"

"हो, आये."

"मग नारळ घे आणि चल, गुडघे मोडले तरी येते मी. तिच्यापुढं तू सगळं कबूल करायचंस, मी ऐकत बसेन." तिने कोंबडा खाली सोडला. तो पंख झाडून कोंबड्यांत घुसला. "आणि खुडूक कोंबडी बघून ठेव. ह्याची पिल्लं काढायचीत."