माझे लढाऊ उपग्रह आणि पप्पांची खुर्ची

मी उल्हासनगरात बसून अंतराळ स्थानकं काढायचे. हे वाक्य लिहितानासुद्धा माझे कान गरम होतात, आणि त्यात खोटं काहीच नाही हीच तर गोची आहे.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. बीएस्सी झाल्यावर मी कॉम्प्युटरवर नकाशे काढायचा कोर्स केला आणि एका सिंधी शेठकडे नोकरीला लागले. खाली जीन्सचं मार्केट, वर आमचं ऑफिस. शेठ आधी लग्नपत्रिका छापायचे, मग कुणीतरी त्यांच्या डोक्यात आउटसोर्सिंग भरवलं. परदेशातल्या एका छोट्या कंपनीचं काम त्यांना मिळालं. ती कंपनी एक खेळ काढायची. चार-पाच जणांनी टेबलाभोवती बसायचं, कुणी कप्तान व्हायचं, कुणी शत्रू, फासे टाकायचे आणि अंतराळातल्या लढाया तोंडाने लढायच्या. त्यांना त्यासाठी स्थानकं आणि लढाऊ उपग्रह लागायचे. मी नकाशा काढायचा आणि खाली अर्धं पान माहिती लिहायची, तोफा किती, माणसं किती, दार कुठे. शेठना मी हे सतरा वेळा समजावलं. शेवटी म्हणाले, "मतलब लूडो है. ठीक है बेटा, डॉलर का लूडो."

मला ते काम जाम आवडायचं. आमच्याकडे बारवी धरणाचं पाणी शुक्रवारी बंद असायचं, म्हणून मी एका स्थानकातही आठवड्यातून एक दिवस पाणी बंद ठेवलं आणि सगळ्यांनी आदल्या दिवशी टाक्या भरून ठेवायच्या असा नियम लिहिला. परदेशातून कौतुकाचं उत्तर आलं, असं आजवर कुणाला सुचलं नव्हतं म्हणे. अहो, सुचणार कसं? त्यासाठी अंबरनाथला राहावं लागतं.

आमचं घर अंबरनाथ पश्चिमेला. पप्पा एमआयडीसीतल्या केमिकल कंपनीत फिटर होते. कंपनीला टाळं लागलं आणि ते बदलापूरला, शिरगावात, नव्या बिल्डिंगवर वॉचमन म्हणून लागले. तक्रार कधी केली नाही, पण एक गोष्ट बदलली. पूर्वी ते आमच्या बुद्धविहाराच्या कमिटीवर होते, कार्यक्रमात पहिल्या रांगेत बसायचे. नोकरी गेल्यावर ते मागे, जिथे लोक चपला काढतात तिथे, भिंतीला टेकून उभे राहायला लागले. त्यांना कुणी मागे जा म्हटलं नव्हतं. कुणी पुढे या असंही म्हटलं नाही.

एकदा मी तपासायला म्हणून एक प्रिंटआउट घरी आणला. वर इंग्रजीत मोठ्या अक्षरांत डिफेन्स सॅटेलाइट असं लिहिलेलं. पप्पांनी तो कागद खिडकीपाशी नेऊन अक्षर अक्षर लावत वाचला. मी लगेच सांगितलं की पप्पा, हे खरं नाही, खेळासाठी आहे. ते हसले. बरं बरं, खेळासाठी, म्हणाले आणि कागद दोन्ही हातांनी परत दिला.

आता इथे आमच्या गावाची एक खोड सांगायला हवी. अंबरनाथला संरक्षण खात्याचा कारखाना आहे. आमच्या शेजारचे काका आयुष्यभर तिथे होते, पण ते तिथे नक्की काय करतात हे त्यांच्या बायकोलासुद्धा माहीत नव्हतं. विचारलं की म्हणायचे, काही नाही, असंच, डबे-बिबे. त्यामुळे आमच्याकडे माणूस जितकं 'काही नाही' म्हणेल, तितकं लोकांना वाटतं की आत काहीतरी भारी शिजतंय. पप्पांनी त्या काकांना सांगितलं, काकांनी गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, पोरीला खोदून विचारू नका. झालं! महिन्याभरात अख्ख्या वस्तीला कळलं की अमक्याची मुलगी देशासाठी लढाऊ उपग्रह बनवते आणि कुणाला काही सांगत नाही.

मी सांगत होते हो! भाजीवालीला सांगितलं, कमिटीच्या सेक्रेटरींना गाठून सांगितलं. ते म्हणाले, समजलं, समजलं, आणि ओठांवर बोट ठेवलं. मी डोक्याला हात लावला. जितकं नाही म्हणावं तितकी मी मोठी होत चालले होते. रस्त्यात लोक मला जय भीम करायचे तेव्हा आवाज खाली आणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आईला मात्र सगळं नीट कळलं होतं. एका रविवारी ती मला म्हणाली, "राहू दे ना गं. किती दिवसांनी पुढे बसायला लागलेत." मी विहारात जाऊन बघितलं. खरंच, पहिल्या रांगेत एक खुर्ची पप्पांसाठी ठेवलेली होती आणि ते तिच्यावर इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, गुडघे जुळवून बसले होते. कुणीतरी त्यांना पाणी आणून दिलं. ते बघितल्यावर मी लोकांना सांगत फिरणं थांबवलं.

मग जयंती आली आणि कमिटीने माझा सत्कार ठरवला. नाही म्हणून बघितलं, तर त्यालाही विनय म्हणाले.

सत्काराच्या दिवशी स्टेजवर माझ्या आधी दहावीतल्या मुलींचा नंबर लागला. एक मुलगी धुणीभांडी करून शिकली होती, बोर्डात चांगले मार्क मिळवले होते. तिला गुलाबाचं फूल आणि पेन दिलं. मला शाल आणि काचेचं सन्मानचिन्ह. ती मुलगी माझ्याकडे टकामका बघत होती आणि मला वाटत होतं की धरणीने पोटात घेतलं तर बरं. निवेदकाने माईक हातात दिला. समोर पप्पा बसले होते. मी बोलायला लागले तर त्यांची खुर्ची जाणार, नाही बोलले तर ही पोर उद्या माझ्याकडे येऊन विचारणार की उपग्रह बनवायला काय शिकू. मी पप्पांकडे न बघता बोलले.

"मी जे काढते ते कुठेच नाही. आकाशात नाही, कारखान्यात नाही. परदेशात काही लोक एक खेळ खेळतात, त्या खेळासाठी मी खोटी स्थानकं आणि खोटे उपग्रह काढते. देशाचं त्यात काही नाही. ही शाल माझी नाही."

 मग निवेदकाने माझ्या हातातून माईक घेतला आणि म्हणाला, "बघितलंत? एवढ्या लोकांसमोर विचारलं तरी तोंडातून एक शब्द काढला नाही. याला म्हणतात निष्ठा." आणि टाळ्या! शेजारचे काका तर उभे राहून वाजवत होते. माझ्या खऱ्या बोलण्यावर त्या हॉलमध्ये इतक्या टाळ्या पडल्या की माझा आवाज पुन्हा पोहोचलाच नाही.

एकच माणूस टाळ्या वाजवत नव्हता. पप्पांचे हात मांडीवर तसेच होते. त्यांना माझा आवाज लहानपणापासून माहीत होता, मी खरं बोलते तेव्हा तो कसा येतो ते त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. ते माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो चेहरा आठवला की आजही मला कुठे तोंड लपवू असं होतं.

घरी जाताना ते सन्मानचिन्ह त्यांनीच पिशवीत धरलं होतं.  रेल्वेच्या पुलावर ते थांबले.

"तुझी लाज नाही वाटत मला," ते म्हणाले. "माझी वाटते. तू मला पहिल्याच दिवशी सांगितलंस. मला ऐकायचंच नव्हतं."

  त्यांना पुढे बसायला आवडत होतं आणि मी ते घालवलं, इतकंच मला कळत होतं. खरं बोलल्याचा आनंद-बिनंद काही झाला नाही मला, उगाच कशाला सांगू.

दुसऱ्या दिवसापासून पप्पांनी नवंच काम काढलं. ड्युटीवरून आले की कमिटीतल्या एकेकाच्या घरी जायचे आणि सांगायचे, माझी मुलगी खेळाची चित्रं काढते, उपग्रह नाही, माझी चूक झाली. लोक चहा पाजायचे आणि पाठवून द्यायचे. शेजारच्या काकांनी तर त्यांना जवळ घेतलं आणि म्हणाले, बापसुद्धा पक्का निघाला. सन्मानचिन्ह परत करायला गेले तर सेक्रेटरींनी ते त्यांच्याच पिशवीत पुन्हा घातलं. माझं तर कुणी ऐकलं नव्हतंच, आता त्यांचंही कुणी ऐकेना. मी घरात बसून हे सगळं बघायचे आणि माझे ते लाडके उपग्रह मला नकोसे व्हायचे. ऑफिसात एखाद्या उपग्रहाला तोफा लावताना मधेच माउस सोडून बसून राहायचे.

पुढच्या वर्षीच्या जयंतीला मी जरा उशिराच गेले. पहिल्या रांगेतली खुर्ची पप्पांसाठी ठेवलेलीच होती, त्यावर कुणाचातरी रुमाल टाकलेला. सेक्रेटरी मागे वळून वळून हात करत होते. आणि पप्पा मागे, चपलांपाशी, भिंतीला टेकून उभे होते.

मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. जा की पुढे, बोलावतायत तुम्हाला, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली.

"ती खुर्ची उपग्रहवाल्याची आहे," ते म्हणाले. "माझी नाही."

भाषणं सुरू झाली. खुर्ची रिकामीच. बसायला जागा नव्हती, बायका दारापर्यंत उभ्या होत्या, पण त्या खुर्चीकडे कुणी जाईना. मला तिच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. तेवढ्यात गावाहून आलेली एक म्हातारी काठी टेकत आत शिरली. तिला ना मी माहीत, ना माझे उपग्रह. तिने रुमाल उचलला, शेजारच्या माणसाच्या मांडीवर ठेवला आणि हुश्श करून बसली. सेक्रेटरी काहीतरी बोलायला वाकले, पण तिने ऐकलंच नाही.

पप्पा वर्षभरात पहिल्यांदा हसले. मग भिंतीला पाठ घासत खाली सरकले, मांडी घातली, शेजारच्या दोन-चार चपला बाजूला केल्या आणि माझ्यासाठी जागा केली.