ओडेल क्वामे, जमलं तर बघा

ओडेल क्वामे सहाव्यांदा खासदारकीला उभा राहिला, तेव्हा गावात कुणी मान वर करून बघितलंसुद्धा नाही. आमच्या उत्तर मिनेसोटात नोव्हेंबरात बर्फ पडतो आणि वर्षाआड ओडेल पडतो. त्यात बघायचं काय?

धंदा बोअर मारायचा. अख्ख्या स्कोगेन गावात ओडेलनं काढलेलं पाणी ज्याच्या नळाला येत नाही असं घर नाही. फार मागं गावचं पोस्ट बंद झालं, म्हणून यानं खासदाराला फोन लावला. तिकडून एका पोरीनं विचारलं, "स्कोगेन? ते कुठं आलं?" ओडेलला राग आला. ओडेलला राग येतो म्हणजे त्या दिवशी तो कॉफीत साखर घालत नाही. पण त्या वर्षी तो उभाच राहिला. खासदाराच्या विरोधातल्या पक्षाला दुसरा कुणी मिळेना, त्यांनी तिकीट हातात देऊन दार लावून घेतलं.

त्याची पाटी मी जपून ठेवलीय. त्यावर लिहिलंय, "ओडेल क्वामे. जमलं तर बघा." भाषणही तसलंच. जत्रेत डुकरांच्या गोठ्यासमोर उभा राहून म्हणायचा, "समोरचा मानूस वाईट न्हाई. टायबी चांगला बांधतो." लोक टाळ्या वाजवायचे आणि टाय चांगला बांधणाऱ्याला मत द्यायचे.

वॉशिंग्टनला जायची आशा त्यानं दुसऱ्या खेपेलाच सोडली होती. मी टाऊन हॉलात मतमोजणीला बसतो, म्हणून मला एकदा म्हणाला, "ग्लेन, बाकी मतदारसंघ ऱ्हाऊ दे. एकदा आपलं गाव आपल्या बाजूनं पायजे. ज्यांच्या घरात पानी आनलं त्यांनी एकदा तरी व्हय म्हनावं."

यंदा त्याची बायको आर्डिस कंबर कसून उठली. घरोघर हिंडली, प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात बसून हो म्हणवून घेतलं. "यंदा गाव आपलंच," ती मला म्हणाली. "एका मतानं का व्हईना."

मतदान संपलं की आमच्याकडं सगळे हॉलातच थांबतात. कॉफी असते, भोपळ्याच्या वड्या असतात. आता आमच्याकडं ताटातली शेवटची वडी कुणी उचलत नाही. एक जण अर्धी कापतो, दुसरा उरलेल्याची अर्धी, तिसरा त्याच्याही अर्धी. शेवटी चिमणीला पुरणार नाही एवढा तुकडा ताटासकट घरी जातो. नॉर्वेहून इकडं यायला निघताना आमच्या आजोबांनी पेटीत दुसरं काही भरलं नसेल, पण ही लाज भरली.

मोजून झाल्यावर मी घसा साफ केला. "ओडेल, एक्केचाळीस. खासदारसायेब, बेचाळीस."

आर्डिसनं कॉफीची किटली खाली ठेवली. "असं कसं? बेचाळीस तर माझी पक्की हुती. येकेक तोंड आठवतंय मला." ती बोटं मोजत मोजत नवऱ्यापाशी येऊन थांबली. ओडेलचे कान लाल झाले होते.

"ओडेल, तू कुनाला दिलंस?"

"ते गुप्त आसतं, आर्डिस."

"कान बघ तुजे!"

"मग काय चिठ्ठीवर सोताच्याच नावाफुडचा गोळा काळा करू? बरं दिसतं का ते?"

"म्हंजी आजपातूर सगळ्या येळा त्यालाच?"

"पैल्यापासनं."

हॉलात कुणी हसलं नाही. सगळ्यांना पटलंच होतं ते. चर्चमध्ये घंटा वाजवणारा म्हातारा सेल्मर म्हणाला, "बराबर केलंस, लेका. तू सोताला दिलं आसतंस, तर मी तुला दिलं नसतं."

"म्हंजी तू ह्याला दिलंस?" आर्डिसनं विचारलं.

"जमलं, म्हनून दिलं."

टेबलावरचं ताट उचलून आर्डिसनं ओडेलपुढं आदळलं. ताटात एकच वडी उरली होती. ओडेलचा हात सवयीनं सुरीकडं गेला. तिनं सुरी काढून घेतली.

"आख्खी."

"आर्डिस, लोकं बघत्यात."

"बघू देत. सोतासाठी येक वडी उचलता येत न्हाई, तर फुडल्या खेपेला मी कुनाच्या दारात जानार न्हाई. आन् तूबी हुबा ऱ्हानार न्हाईस."

ओडेलनं वडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मी छताकडं बघितलं. मग त्यानं ती उचलली आणि अख्खीच्या अख्खी तोंडात घातली. बायकांनी माना खाली घातल्या, जसं काही माणूस शर्टच काढतोय. सेल्मरनं टोपी डोळ्यांवर ओढली. ओडेल चावत राहिला. बराच वेळ चावत राहिला.

"लई झाली का?" आर्डिसनं विचारलं.

"न्हाई," ओडेल बोटं चाटत म्हणाला, "आजून हाय का?"